संयुक्त पदवी : कोणाशी संयोग, कोणापासून वियोग?

(तळेगाव (श्यामजी पंत), जि. वर्धा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या अभ्यासवर्गाचा विषय जाहीर झाला तेव्हा आपल्यापैकी काहींनी मला विचारले की, कापसाचा भाव, सोयाबीनची खरेदी आणि आंबिया बहराची फळगळ हे प्रश्न दाराशी उभे असताना परदेशी विद्यापीठांबरोबर दिल्या जाणाऱ्या पदव्यांची चर्चा तळेगावात करण्याचे प्रयोजन काय? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देऊनच मी पुढे जाणार आहे. ज्या विद्यापीठांना हे करार करण्याची मुभा मिळाली आहे ती विद्यापीठे आपली आहेत. कायद्याने त्यांचे नावच ‘सार्वजनिक विद्यापीठे’ असे आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा तो कायदा. आर्वी, आष्टी, कारंजा येथील महाविद्यालयांत शिकणारी आपली मुले ज्या विद्यापीठाची पदवी घेतात, ते नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले आणि २००५ पासून ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव धारण करते. त्या महाराजांचे गुरुकुंज याच महामार्गावर, मोझरीला आहे. ग्रामगीता लिहिणाऱ्या पुरुषाचे नाव ज्या संस्थेला दिले, ती गावाच्या मुलाशी कसे वागते हे विचारण्याचा अधिकार या गावाला नाही, तर मग कोणाला आहे?

प्रथम वस्तुस्थिती समजून घेऊ. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२२ मध्ये नवे विनियम काढले. त्यांत सहकार्याचे तीन प्रकार आहेत. पहिला ‘ट्विनिंग’चा. यात पदवी भारतीय संस्थेचीच असते आणि विद्यार्थ्याला एकूण श्रेयांकांपैकी जास्तीत जास्त तीस टक्के श्रेयांक परदेशी संस्थेत मिळवता येतात. दुसरा प्रकार संयुक्त पदवीचा. यात दोन्ही संस्थांकडे प्रत्येकी किमान तीस टक्के श्रेयांक मिळवावे लागतात आणि एकाच पदवीपत्रावर दोघांची मुद्रा उमटते. तिसऱ्या प्रकारात दोन संस्था एकाच वेळी आपापली स्वतंत्र पदवी देतात. तिला दुहेरी पदवी म्हणतात. राष्ट्रीय मूल्यांकनात किमान ३.०१ गुण मिळवणारे, किंवा राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरांत असणारे विद्यापीठ, जागतिक क्रमवारीतील पहिल्या हजारांपैकी कोणत्याही संस्थेशी आयोगाची वेगळी परवानगी न घेता असा करार करू शकते. महाराष्ट्रात ही वाट अगदी नवी नाही. आय.आय.टी. मुंबई आणि ऑस्ट्रेलियाचे मोनॅश विद्यापीठ यांची संयुक्त संशोधन अकादमी २००८ पासून चालू आहे आणि तेथील संशोधकाला दोन्ही संस्थांची मिळून पीएच.डी. मिळते. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाने मेलबर्न विद्यापीठाच्या सहकार्याने विज्ञानाचा एक पदवी अभ्यासक्रम चालवला. पुढे २०२३ च्या नोव्हेंबरात परदेशी विद्यापीठांना थेट आपली आवारे उघडण्याची परवानगी देणारे विनियम आले. जून २०२५ मध्ये यॉर्क, ॲबरडीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची एक डिझाइन संस्था अशा पाच संस्थांना मुंबई-नवी मुंबईत येण्यासाठी इरादापत्रे समारंभपूर्वक देण्यात आली.

आता आपल्या बाजूने येणारी पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. परदेशी विद्यापीठ म्हणजे नवी ईस्ट इंडिया कंपनी, आणि तिला ‘चले जाव’ म्हणणे हेच समाजवाद्याचे कर्तव्य. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ज्या आष्टीने रक्त सांडले, त्या आष्टी तालुक्यात ही घोषणा जिभेवर सहज येते. तरीही मी आज आपल्याला ती घोषणा देण्यापासून परावृत्त करणार आहे. त्याचे कारण आपल्याच चळवळीच्या इतिहासात आहे.

डॉ. राममनोहर लोहियांनी मिठाचा कर आणि सत्याग्रह या विषयावरची डॉक्टरेट बर्लिनच्या विद्यापीठातून मिळवली. जयप्रकाश नारायण १९२२ ते १९२९ अशी सात वर्षे अमेरिकेत होते. फळबागांत, कारखान्यांत, उपाहारगृहांत अंगमेहनत करून त्यांनी शिक्षण घेतले आणि मार्क्सवादाची दीक्षाही तेथेच घेतली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परत आल्यावर संस्थानची नोकरी करण्याचा करार. पुढे लंडनमध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर जो प्रबंध लिहिला, तो १९२३ साली प्रसिद्ध झाला आणि आजही अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तो वाचलाच पाहिजे असे मी मानतो. आणि आपल्या वर्ध्याचेच उदाहरण हवे असेल, तर जे. सी. कुमारप्पा आहेत. त्यांनीही कोलंबियातच सार्वजनिक आयव्ययाचा अभ्यास केला. १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा त्याचा भार घेऊन ते वर्ध्याला मगनवाडीत येऊन राहिले; कोलंबियाच्या पदवीधराने तेलघाणी, हातकागद आणि गूळ यांचे अर्थशास्त्र मांडले. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या सरकारने नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे ते अध्यक्ष होते आणि त्या समितीने खेड्यांत घरोघर हिंडून माहिती गोळा केली.

तेव्हा परदेशी ज्ञानाशी आपले वैर नाही. गावाकडे पाहण्याची नजर कुमारप्पांना न्यूयॉर्कमध्ये शिकूनही गमवावी लागली नाही, किंबहुना सरकारी अंदाजपत्रकातील लूट ओळखण्याचे साधन त्यांना तेथेच मिळाले. प्रश्न वेगळा आहे. या शिक्षणाचा खर्च कोण करतो, आणि खर्च करणाऱ्याचा शिकणाऱ्यावर व शिकवल्या जाणाऱ्या विषयावर कोणता अधिकार चालतो? बाबासाहेबांचा खर्च एका सार्वजनिक खजिन्याने केला. जयप्रकाशांनी तो स्वतःच्या श्रमाने केला. यांपैकी कोणाच्याही बाबतीत भारतातील सार्वजनिक विद्यापीठाने आपले नाव मध्यस्थ म्हणून उभे केले नव्हते. आज जे घडत आहे त्यातील नवी गोष्ट ही मध्यस्थी आहे.

हे परदेशी विद्यापीठ आपल्याकडे येते तरी का, याचाही विचार शांतपणे केला पाहिजे. ज्ञानदानाच्या उमाळ्याने ते येत असेल, तर त्याने इतकी वर्षे वाट पाहिली नसती. इंग्लंडमध्ये २०१२ साली विद्यापीठांचे सरकारी शिक्षण-अनुदान मोठ्या प्रमाणावर काढून घेण्यात आले आणि विद्यार्थ्यांच्या शुल्काची मर्यादा वर्षाला नऊ हजार पौंडांपर्यंत वाढवण्यात आली. २०१७ नंतर ती मर्यादा ९,२५० पौंडांवर वर्षानुवर्षे गोठून राहिली, महागाई मात्र वाढत गेली. ही तूट विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भरून काढतात, कारण त्या शुल्काला मर्यादा नाही. ऑस्ट्रेलियाच्या विद्यापीठांचेही परदेशी विद्यार्थ्यांवरचे अवलंबन जगजाहीर आहे. म्हणजे तिकडे शासनाने हात आखडता घेतला म्हणून ते विद्यापीठ गिऱ्हाईक शोधत निघाले आहे.

आणि इकडे? शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा हे कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले. १९६८ च्या धोरणाने ते मान्य केले, १९८६ च्या धोरणाने पुन्हा सांगितले, २०२० च्या धोरणाने पुन्हा एकदा सांगितले. तो आकडा आपण आजवर एकदाही गाठलेला नाही. मंजूर पदे रिकामी ठेवून तासिका तत्त्वावर वर्ग चालवण्याची रीत महाराष्ट्राच्या महाविद्यालयांत इतकी रुळली आहे की, तासिकेवर राबता राबता माणसाचे केस पांढरे होतात आणि त्याला ‘नवोदित प्राध्यापक’च म्हटले जाते. म्हणजे इकडेही शासनाने हात आखडता घेतला आहे.

मित्रहो, माझ्या मते संयुक्त पदवीचे अर्थशास्त्र एवढेच आहे. आपापल्या शासनाने वाऱ्यावर सोडलेली दोन सार्वजनिक विद्यापीठे एकमेकांना भेटतात. एकाजवळ नाव आहे, दुसऱ्याजवळ विद्यार्थी आहेत. दोघांच्या तिजोरीतली तूट एकत्र केली जाते आणि ती भरून काढण्याची जबाबदारी विद्यार्थ्याच्या बापावर टाकली जाते. या व्यवहाराला ‘शिक्षणाचे आंतरराष्ट्रीयीकरण’ असे भारदस्त नाव मिळते.

यावर एक प्रतिवाद केला जातो, आणि तो प्रामाणिक माणसेही करतात म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. ते म्हणतात, श्रीमंतांची मुले नाहीतरी परदेशी जातातच. त्यांचा पैसा देशातल्या विद्यापीठात आला तर बिघडले काय? त्या पैशातून गरिबांसाठी प्रयोगशाळा होतील, ग्रंथालये होतील. हा युक्तिवाद आपण पूर्वी ऐकलेला आहे. १९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांचे धोरण आले तेव्हा हेच सांगण्यात आले होते. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने तर त्याची व्यवस्थाच लावून दिली होती : निम्म्या जागा मोफत, निम्म्या सशुल्क, आणि सशुल्क जागांच्या पैशांतून मोफत जागांचा खर्च. ही व्यवस्था नऊ वर्षे चालली. २००२ मध्ये टी. एम. ए. पै निकालाने ती मोडीत काढली. मोफत जागा गेल्या, सशुल्क जागा राहिल्या. श्रीमंताच्या शुल्कावर गरिबाचे शिक्षण चालवण्याचे वचन कायद्याच्या पाठिंब्यानेही एक दशक टिकले नाही. तेच वचन विद्यापीठाच्या माहितीपत्रकातील सदिच्छेवर किती टिकेल?

येथे मला स्वतःविषयी एक कबुली दिली पाहिजे. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका विद्यापीठाच्या समितीवर मी सभासद होतो. विभागातच स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम सुरू करण्याचा प्रस्ताव आला. त्याचे शुल्क नेहमीच्या एम.ए.च्या अनेक पटींनी होते, परंतु त्या उत्पन्नातून मूळ विभागासाठी पुस्तके घेता येतील असे सांगितले गेले. मी प्रस्तावाच्या बाजूने हात वर केला. पुस्तके आली हे खरे. पण थोड्याच वर्षांत चांगली वर्गखोली त्या अभ्यासक्रमाला गेली, दुपारची वेळ त्याला गेली, बाहेरून येणारे व्याख्याते त्याच्याकडे गेले. माझा एम.ए.चा वर्ग व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत गेला आणि विभागातील एक पद निवृत्तीनंतर भरलेच गेले नाही, कारण ‘विभाग तर उत्तम चालला आहे’ असे वर कळवता येत होते. कोणीही लबाडी केली नव्हती. एकाच छपराखाली दोन दरांचे शिक्षण सुरू झाले की काय होते, ते मी स्वतःच्या हाताने केले आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. म्हणून आज मी सावध आहे.

हा दर तळेगावच्या घरापर्यंत कसा येतो ते पाहा. परदेशी सत्राचे शुल्क पौंडांत किंवा डॉलरांत आकारले जाते. संत्र्याचे पैसे रुपयांत मिळतात. रुपया घसरला की मुलीचे शुल्क न वाढवताच वाढते. मग कर्जाचा मार्ग सांगितला जातो. बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांच्या वर गेले की तारण मागतात. शेतकऱ्याजवळ तारण कोणते? जमीन. पण २००२ च्या थकीत कर्जवसुलीच्या कायद्यात शेतजमिनीला संरक्षण आहे, बँकेला ती न्यायालयाबाहेर परस्पर ताब्यात घेता येत नाही. हे संरक्षण योग्यच आहे आणि ते टिकले पाहिजे. त्याचा परिणाम मात्र असा की, शैक्षणिक कर्जासाठी शेतजमीन तारण घ्यायला बँका नाखूष असतात. शहरातल्या सदनिकेवर मुलाला कर्ज मिळते, पाच एकर ओलितावर मिळणे कठीण जाते. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत राज्य शासनाने दिली. ही चांगली गोष्ट आहे. पण संयुक्त पदवीच्या तीस टक्क्यांचे शुल्क जेव्हा समुद्रापलीकडे भरायचे असते, तेव्हा ही सवलत तेथपर्यंत जाणार काय? राखीव जागा कागदावर राहील. तिच्यावर बसायला कोणी येऊ शकणार नाही, आणि मग ‘पात्र उमेदवार मिळाला नाही’ असा शेरा मारला जाईल.

दर कोण ठरवतो याबरोबर विषय कोण ठरवतो हेही पाहिले पाहिजे. ज्याचे शुल्क मिळते तोच विषय शिकवला जातो. विदा-विज्ञान, वित्त, व्यवस्थापन यांच्या संयुक्त पदव्या निघतात. संत्र्याच्या झाडावरील डिंक्या रोगावर, कोरडवाहू कापसाच्या अर्थकारणावर, सहकारी जिनिंगच्या अपयशावर अशी पदवी काढायला कोणते जागतिक विद्यापीठ रांगेत उभे आहे? आणि जागतिक क्रमवारीतील स्थान ठरते तरी कसे? प्रमुख क्रमवारींत प्राध्यापकांच्या व मालकवर्गाच्या मतांतून मोजलेल्या ‘प्रतिष्ठे’ला मोठे वजन असते, परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येलाही गुण असतात. आपला विद्यार्थी गेला की त्यांची क्रमवारी सुधारते. शुल्क आपण भरायचे आणि श्रेय त्यांनी घ्यायचे!

मग संयुक्त पदवी हा प्रकारच वाईट काय? नाही, आणि येथेच माझा मुख्य मुद्दा आहे. युरोपीय संघाने २००४ साली ‘इरास्मस मुंडुस’ योजना सुरू केली. तीत दोन-तीन देशांतील विद्यापीठे मिळून एम.ए., एम.एस्सी.चा अभ्यासक्रम चालवतात, विद्यार्थी किमान दोन देशांत शिकतो, आणि निवड झालेल्या विद्यार्थ्याचे शुल्क व निर्वाह संघाच्या सार्वजनिक निधीतून दिला जातो. भारतातील कितीतरी साध्या घरांतील मुलामुलींनी ही शिष्यवृत्ती मिळवून शिक्षण घेतले आहे. आय.आय.टी.-मोनॅश अकादमीतही संशोधकाला शिष्यवेतन मिळते. म्हणजे साधन तेच. खर्च सार्वजनिक असेल तर ते समतेचे साधन होते, खर्च बापाच्या खिशातून असेल तर ते विषमतेचे होते. आपल्या राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ७५ जागा आहेत. बडोद्याच्या संस्थानाने एका आंबेडकरांना पाठवले. एवढ्या मोठ्या राज्याने पंचाहत्तरांवर थांबावे हे कोणत्या हिशेबात बसते? आणि केंद्राच्या अशाच योजनेत २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व समाजजीवन यांवरील विषय वगळण्यात आले. दलित विद्यार्थ्याने परदेशी जाऊन आपल्याच समाजाचा अभ्यास सार्वजनिक पैशाने करू नये, असा त्याचा अर्थ होतो. हा नियम १९१३ साली असता, तर बाबासाहेबांनी कोलंबियात जातिसंस्थेवर वाचलेला निबंध त्या नियमात बसला असता काय, हे आपणच ठरवा.

म्हणून माझी सूचना अशी की, आपण सरसकट विरोधाचा ठराव करू नये, पाच अटींचा ठराव करावा. एक : सार्वजनिक विद्यापीठाचा प्रत्येक परदेशी करार, शुल्काच्या वाटणीसह, मराठीत प्रसिद्ध झाला पाहिजे आणि अधिसभेपुढे आला पाहिजे. दोन : ज्या विभागातील मंजूर पदे रिकामी आहेत, त्या विभागात ती भरल्याशिवाय करार होऊ नये. तीन : विद्यार्थ्याने भरायचे शुल्क त्याच विभागाच्या नेहमीच्या अभ्यासक्रमाइतकेच असावे, वरचा खर्च शासनाने उचलावा, तेवढा पैसा नसेल तर जागा कमी ठेवाव्यात, पण दर दोन ठेवू नयेत. चार : निम्म्या जागा संलग्न ग्रामीण महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांसाठी असाव्यात. पाच : जाणाऱ्याइतके येणारेही असावेत. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ पासून आपल्या विद्यार्थ्यांना खेडे दत्तक घेऊन शिकवते. वर्ध्याच्या आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठात परदेशी विद्यार्थी हिंदी शिकायला येतात. जगाला शिकवण्यासारखे आपल्या जिल्ह्याजवळ काहीच नाही असे मानून करारावर सही करणाऱ्याने हा जिल्हा पाहिलेला नाही.

ठराव करून घरी जाण्याची आपली सवय मला ठाऊक आहे, म्हणून एक काम सांगून थांबतो. विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा प्रतिनिधी असतात. या परिसरात बी.ए., बी.कॉम. झालेली, शेती करणारी, दुकान चालवणारी, एस.टी.त नोकरी करणारी शेकडो माणसे आहेत, आणि त्यांतील बहुतेकांनी पदवीधर मतदार म्हणून नाव नोंदवलेले नाही. नाव नोंदवले नाही म्हणून निवडणूक आपल्यावाचून होते, आणि आपल्यावाचून निवडून आलेली अधिसभा आपल्यावाचून करार करते. येत्या महिन्यात प्रत्येक कार्यकर्त्याने आपापल्या गावातील पदवीधरांची यादी करावी आणि नोंदणीचे अर्ज भरून घ्यावेत. अर्ज भरताना लोक विचारतील, याचा आम्हाला काय उपयोग? तेव्हा त्यांना सांगा : तुमच्या पदवीवर ज्या विद्यापीठाची मुद्रा आहे, ते विद्यापीठ आता ती मुद्रा दुसऱ्या कोणाच्या मुद्रेशेजारी ठेवणार आहे. शेजार कोणाचा असावा आणि त्याचे भाडे कोणी भरावे, हे ठरवताना मालकाने घरात असावे. त्या घराचे मालक तुम्ही आहात.